वास येता कामा नये

(जिन्यात वास: फिनेलचा)

संध्याकाळ झाली की वैशाली भिंतीला हात लावून चालते, हे जयमालाच्या लक्षात आलं तेव्हा वाशीच्या त्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. आधी तिला वाटलं, पोरीचा काहीतरी खेळ चाललाय. सात वर्षांची पोर, भिंतीवर बोट फिरवत फिरणार नाहीतर काय. मग एकदा, दिवे लावायच्या आधी, खोलीत नुसता करडा उजेड असताना वैशाली मोरीकडे निघाली आणि स्टुलावर धाडकन आपटली. स्टूल रोजच्याच जागी होतं.

"दिसत नाही का गं?"

"दिसतं की."

"मग आपटलीस कशी?"

"स्टूल मधे आलं."

जयमालानं दिवा लावला. पोरगी टकाटका बघायला लागली. गुडघ्याला हळद लावली, विषय मिटला.

तिथंच चुकलं.

(वास: कसलाच नाही)

या घराला एक नियम होता आणि तो सुधीरनं घातला होता. सुधीर म्हणजे जयमालाचा नवरा. मुंबईत एका सरकारी कचेरीत क्लार्क, जालन्याकडच्या खेड्यातून शिकून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. दारावर पितळी पाटी: सुधीर रा. जामखेडकर. आडनाव गावावरून घेतलेलं. जुनं आडनाव ऐकलं की समोरचा माणूस ज्या पद्धतीनं 'अच्छा' म्हणायचा, ती पद्धत सुधीरला नको होती. बाबासाहेबांचा फोटो होता, पण आतल्या खोलीत, दार उघडलं की दाराच्या मागे जाईल असा.

नियम असा की घराला वास येता कामा नये.

लग्नानंतर दोघं डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहिली होती. एका रविवारी जयमालानं सुकट भाजली आणि सोमवारी मालकानं खोली रिकामी करायला सांगितली. म्हणे, वास येतो. मालक स्वतः बोंबील खायचा. त्याला सुकटीचा वास नव्हता आला, माणसांचा आला होता. जयमाला त्या दिवशी हातात स्टोव्ह घेऊन जिना उतरली होती, आणि सुधीर तिच्या मागून उतरताना एवढंच म्हणाला होता, "पुन्हा नाही."

पुन्हा नाही म्हणजे काय ते इथं कळलं. सुकट बंद. कलेजी बंद, वजडी तर नावसुद्धा काढायचं नाही. लसणाची फोडणी खिडक्या लावून. अंडं उकडलं तर टरफलं कागदात गुंडाळून ऑफिसच्या वाटेवर टाकायची, म्हणून मग अंडंही बंद, कोण ती उस्तवार करणार. 'लई' म्हणायचं नाही, 'खूप' म्हणायचं.

आणि हिरवी भाजी? हिरव्या भाजीनं काय घोडं मारलं होतं?

भाजी घेऊन यायची गोजरा. तळवलीची आगरी बाई, ठसठशीत, हिरवं लुगडं, जिन्याच्या तळाशी आली की वरच्या मजल्यापर्यंत आवाज. पाटीत वर माठ, शेवग्याचा पाला, अळू, आणि त्याच पाटीत खाली फडक्याखाली सुकट नि जवळा. ती दारात बसली की अर्धा जिना खाडी होऊन जायचा. एकदा समोरच्या विमलबाई दार किलकिलं करून म्हणाल्या, "जयमालाताई, तुमच्याकडंच येते का हो ही?" तेवढं ऐकून सुधीरनं गोजराला वर यायला बंदी केली. गोजरा पाटी उचलता उचलता म्हणाली, "नको तर नको. तुज्या नवऱ्यानं नाय खाल्ला तं माझा माठ काय पडून ऱ्हानार हाय?" आणि गेली. तिच्याबरोबर भाजी गेली.

राहिलं ते पांढरं. भात, बटाटा, पातळ वरण, पाव, बिस्किट, साबुदाणा. दूध चहापुरतं. गेल्या थंडीत वैशालीला गोवर आला, मागून महिनाभर जुलाब लागले, तेव्हा तर नुसती साबुदाण्याची पेज. पोरगी उठली ती काडीसारखी, आणि उठल्यावर पुन्हा तेच ताट. पांढरं. वास नसलेलं. जिन्यातून कुणीही जावं, खुशाल नाक उघडं ठेवावं.

सासू बायजाबाई गावाहून राहायला आली होती. जयमालाला वाटलं, म्हातारी तरी तोंड उघडेल. एकदा तिनं स्वतःहूनच विषय काढला, "मामी, बाजारातून माठ आणू का?"

बायजाबाई पाय पसरून बसली होती, ते तिनं जवळ ओढून घेतले.

"पाला? बहात्तरच्या दुष्काळात तरवट्याचा पाला शिजवून खाल्लाय आम्ही. मीठ न्हाई, तेल न्हाई. ढोरावानी. माझा लेक साहेब झाला, ब्लाकात ऱ्हातो, आन् तू माझ्या नातीच्या तोंडात पाला घालतीस?"

"मामी, माठ म्हणजे तरवटा नाही."

"हिरवं त्ये हिरवंच."

झालं. मुलाला वासाची लाज, आईला रंगाची. मधे जयमाला, हातात बटाटा.

(वास: गुलाबपाण्याचा)

दिवेलागणीला सुधीर घरी आला की वैशालीला खिडकीत बसवून धडा वाचायला लावायचा. एक दिवस ती अडखळायला लागली. पुस्तक नाकाला टेकवलं. सुधीरनं दिवा लावला आणि त्याचा चेहरा उजळला, दिव्यामुळं नव्हे.

"अभ्यासानं डोळ्यांवर ताण येतोय हिच्या," तो म्हणाला. "चष्मा लागणार."

रडावं अशा गोष्टीवर माणूस हसत होता. आणि जयमालाला कळत होतं का ते. त्याच्या बापानं आयुष्यात अक्षर वाचलं नव्हतं. चष्मा म्हणजे मास्तर, चष्मा म्हणजे साहेब, चष्मा म्हणजे या घरात इतकी पुस्तकं वाचली गेली की डोळे दमले. खानदानातला पहिला चष्मा! दादरच्या दुकानात जाऊन त्यानं काळ्या जाड फ्रेमचा चष्मा आणला. दुकानदारानं बारीकसा नंबर काढून दिला, कुणाचाही काढावा तसा. बायजाबाईनं नातीची दृष्ट काढली. विमलबाई म्हणाल्या, "अगं बाई, स्कॉलर दिसते हं!"

स्कॉलर संध्याकाळी चष्मा लावून दारावर आपटली. काच तडकली. सुधीरनं नवीन बसवून आणली आणि सांगितलं, सवय व्हायला वेळ लागतो.

मग एका डोळ्यात, बुबुळाच्या कडेला पांढऱ्यावर, एक ठिपका दिसायला लागला. साबणाच्या फेसाचा वाळलेला थेंब असावा तसा. जयमालानं पाण्यानं डोळा धुतला. ठिपका तिथंच. विमलबाई म्हणाल्या, गुलाबपाणी घाला, थंड पडतं. घातलं. पोरगी म्हणाली, "आई, डोळ्यात वाळू आहे." पुन्हा घातलं.

घरभर गुलाबाचा वास. सुधीरला तो चालत होता.

(वास: खाडीचा. ओहोटी होती.)

बिल्डिंगीच्या पुढं मोकळं मैदान होतं. अजून तिथं काही बांधलं नव्हतं, म्हणून मैदान म्हणायचं. पोरं तिथं काळोख पडेपर्यंत खेळायची. जयमाला खिडकीत कपडे काढायला उभी राहिली. सूर्य खाडीपलीकडं गेला होता, पण उजेड होता. चांगला उजेड होता. दोरीवरच्या टॉवेलावरचा डाग दिसत होता, विमलबाईंच्या बंटीच्या शर्टाची बटणं दिसत होती.

खाली आंधळी कोशिंबीर चालली होती. राज्य वैशालीवर होतं. हात पुढं करून ती चालत होती, पोरं भोवती फिरत होती, कुणी टपली मारून पळत होतं, कुणी वेणी ओढून. ती हसत होती, जरा जास्तच हसत होती. हात हवेत. पाऊल टाकायच्या आधी पायानं जमीन चाचपत.

जयमालानं टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि मग तिचा हात थांबला.

पोरीच्या डोळ्यांवर रुमाल नव्हता.

ती कशी खाली आली तिला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती हे नंतर टाचेत काच रुतलेली दिसली तेव्हा कळलं. तिनं बंटीचा दंड धरला.

"रुमाल कुठाय? राज्य असलं की रुमाल बांधायचा असतो ना? का नाही बांधला?"

बंटी घाबरला, पण खोटं बोलणारा नव्हता. "काकू, हिला लागतच नाही. ही अशीच आंधळी होते. रोजच."

"रोज?"

"रोज हिच्यावरच राज्य. म्हणून आम्ही लवकर खेळत नाही, जरा अंधारल्यावर खेळतो. मज्जा येते."

जयमालानं हात उगारला. खाली आणला. पोरांचं काय चुकलं होतं? पोरांना कळलं होतं. एवढ्याशा पोरांना, शेंबड्या पोरांना कळलं होतं आणि तिला, जिच्या पोटची होती, तिला नव्हतं कळलं. तिनं वैशालीच्या तोंडासमोर हात धरला.

"बोटं किती?"

वैशालीनं आवाजाच्या दिशेला मान वळवली. "आई, मला खेळू दे ना. माझंच राज्य आहे."

(वास: डेटॉलचा)

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळे बघितले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा कुणी दिला?"

"दादरला दुकानात."

"याचा काही उपयोग नाही. जेवायला काय देता हिला?"

"जेवते ना. भात, बटाटा, वरण."

"पालेभाजी?"

जयमालानं नकारार्थी मान हलवली.

"अंडं? मासे? कलेजी? पपई? लाल भोपळा?"

जयमालानं ठणकणारी टाच उचलून धरली.

"शाकाहारी आहात का?"

"नाही."

"मग?" बाई चिडल्या. "ऐपत नाही असंही दिसत नाही. नोकरीवाल्यांच्या घरात रातांधळी पोर! गोवर झाला होता? जुलाब? आणि त्यानंतर पेज? अहो, होतं नव्हतं तेवढं अ जीवनसत्त्व गोवरानं खाल्लं आणि तुम्ही परत भरलंच नाही. हा फेसासारखा ठिपका दिसतोय ना, ही पुढची पायरी. यानंतर बुबुळ कोरडं पडतं, पांढरं होतं, फुटतंही. मग काही करता येत नाही. कुणालाच."

जयमालानं टेबलाची कड धरली. "आता?"

"आता वेळेवर आलात. डोस देते, उद्या पुन्हा आणायचं, मग दोन आठवड्यांनी अजून एकदा. पण डोसवर आयुष्य निघत नाही. रोज काहीतरी हिरवं, गडद हिरवं. पिवळं, केशरी. आठवड्यातून कलेजी, थोडीच, पण द्या. भाजीला तेल घाला, तेलाशिवाय ते अंगाला लागत नाही. आणि डोळ्यात काहीबाही ओतलंत का?"

"गुलाबपाणी."

"अत्तर नाही ओतलंत, उपकार झाले."

नेहमीची जयमाला असती तर त्या टोमण्यानं रडली असती. आज तिला बरं वाटलं. कुणीतरी ओरडायलाच हवं होतं. बाई चुकीच्या माणसावर ओरडत होत्या एवढंच. की बरोबर माणसावर? ते घरी जाऊन बघायचं होतं.

(वास: घासलेटचा)

"काय म्हणाली डॉक्टर?"

"पोरीला खायला घालत नाही म्हणाली."

"म्हणजे? उपाशी ठेवतो का आपण?"

"हो."

"जयमाला, नीट बोल."

"नीटच बोलतेय. पोरगी आंधळी होत होती. बटाटे खाऊन. वास नसलेलं खाऊन."

"हळू. समोर ऐकू जाईल."

"जाऊ दे."

"हळू बोल म्हणतोय ना."

"कलेजी आणायचीय. आज. तू आणणार का मी जाऊ?"

"...तू?"

"हां, तू! अहो-जाहो लई झालं. लई! ऐकलंस? लई, लई, लई!"

"जयमाला, डोंबिवली आठव. स्टोव्ह घेऊन उतरलीस तू. मी ते पुन्हा बघणार नाही. मी कुणासाठी केलं हे सगळं?"

"कुणासाठी? सांग की. पोरीसाठी? पोरीला इचार. बाबांचा फोटो दाराआड, आडनाव दाराआड, पोरगी अंधारात. आन् वरून चष्मा! खानदानातला पहिला चष्मा! आपल्या लेकरावर राज्य असतं रोज, म्हाईताय का तुला? रुमाल न बांधता. ती समदी पोरं हसतात, आन् ही बी हसती. हसती रे ती! तिला वाटतं ह्यो खेळच असा असतो! सरक आता."

(वास: कलेजीचा. लसूण, आलं, काळं तिखट. तिन्ही मजल्यांवर.)

तिनं खिडक्या उघडल्या. मग दार उघडलं आणि दाराला पाटा लावला, बंद होऊ नये म्हणून. कढईत तेल तापलं, ठेचलेला लसूण पडला, त्याच्यावर कलेजी. चर्र झालं आणि वासानं जिना पकडला. खाली गेला, वर गेला, विमलबाईंच्या दारात जाऊन बसला.

विमलबाईंचं दार किलकिलं झालं.

"जयमालाताई... आज काय विशेष?"

"कलेजी."

"अय्या. तुम्ही खाता?"

"आम्ही पैल्यापासून खातो. मधे थांबलो होतो. पोरीचे डोळे चालले होते."

"डोळे? बाई बाई. गुलाबपाण्यानं नाही का फरक पडला?"

जयमालानं झारा हातात घेतलेला होता. ती तशीच दारापर्यंत आली. विमलबाई अर्धं पाऊल मागं गेल्या.

"न्हाई पडला," जयमाला म्हणाली. "तुमच्या बंटीला विचारा, त्याला आधीपासून ठाऊक हाय. आन् दार उघडंच राहील आता. तुम्हाला त्रास होत असेल तर तुमचं लावा."

विमलबाईंनी लावलं. फार जोरात नाही, पण लावलं.

जयमाला खिडकीशी गेली. खाली, पलीकडच्या बिल्डिंगीच्या पायरीवर, गोजरा पाटी उतरवून बसली होती. एवढा आवाज जयमालानं गावच्या शेतात शेवटचा काढला असेल.

"ए गोजराबाईऽऽ! वर ये!"

गोजरानं कपाळावर हात धरून वर बघितलं. "कोन? बटाट्याची बाय? तुजा नवरा खायेल ना मना!"

"त्याला मी बघते. माठ आण, शेवगा आण. सुकट पण!"

"सुकट पन?" गोजरा उठली. "मेला का काय तुजा नवरा?"

"आतल्या खोलीत बसलाय!"

गोजरा हसत हसत जिना चढली. आज तिनं वर येईपर्यंत ओरडणं थांबवलं नाही. पाटी दारात उतरली आणि जयमालानं माठाच्या जुड्या उचलून सरळ बायजाबाईच्या पुढ्यात टाकल्या.

म्हातारीनं पाल्याकडं बघितलं. सुनेकडं बघितलं. सुनेच्या हातात अजून झारा होता.

"मी न्हाई खानार," ती म्हणाली.

"तुम्ही नका खाऊ. निवडा."

बायजाबाईनं दुष्काळाला एक शिवी घातली, सरकारला एक घातली, सुनेच्या माहेराला दोन. मग जुडी सोडली आणि किडकं पान बाजूला काढायला लागली. बोटं भराभर चालत होती. विसरली नव्हती काही.

सुधीर बाहेर आला तो ताट वाढल्यावर. आधी त्यानं पाटा सरकवून दार लावलं. जयमालानं उठून उघडलं, पाटा लावला. त्यानं पुन्हा हात पुढं केला. ती ताट सोडून उठली आणि उंबऱ्यावर बसली, चौकटीला पाठ लावून, पाय जिन्यात. तो तिच्याकडं बघत उभा राहिला. वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी भाजीची पिशवी घेऊन तिच्या पायांना वळसा घालून वर गेले.

"बाबा," आतून वैशाली म्हणाली, तोंड भरलेलं होतं, "हे काय आहे? हे रोज का नव्हतं?"

सुधीर तिच्याजवळ खाली बसला. तिच्या ताटातली कलेजी मोठी होती, ती त्यानं बोटांनी मोडून बारीक केली.

(वास: सगळ्यांना माहीत आहे)

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. सुधीर एकटाच गेला होता. परत आल्यावर जयमालानं विचारलं, "काय बोलले?"

"वासाचं."

"आणि तुम्ही?"

ती पुन्हा तुम्हीवर आली होती. सगळ्याच गोष्टींवर काही ती परत येणार नव्हती.

"म्हटलं, हो. येतो."

"पुढं?"

"पुढं काही नाही. येतो म्हटलं. येणार म्हटलं." त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला. जयमालानं ते ऐकलं आणि कौतुक केलं नाही. वर्षभर उशीर झाला होता. डोळ्यातला ठिपका पुसट झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो राहीलही कदाचित, त्यानं नजरेला काही होत नाही. जयमाला रोज सकाळी पोरीचं तोंड धुताना तो बघायची आणि रोज सकाळी तिच्या डोक्यात तोच राग चढायचा, डोंबिवलीच्या मालकापासून दादरच्या दुकानापर्यंत आणि मग वळून स्वतःपर्यंत. उतरायला दुपार व्हायची. माठ चिरताना विळी जरा जास्तच वाजायची.

एका संध्याकाळी ती पुन्हा खिडकीत कपडे काढत होती. तसाच करडा उजेड. खाली तीच पोरं. राज्य वैशालीवर आलं होतं. सवयीनं पोरं पांगली, भोवती फिरायला लागली.

वैशाली जागची हलली नाही. हात कमरेवर.

"रुमाल?"

"तुला कशाला?" बंटी ओरडला.

"मला दिसतंय. तू पाण्याच्या टाकीमागं आहेस. तुझी चड्डी उसवलीय."

पोरं खिदळली. बंटीनं मागं हात लावून बघितला. मग तो खाली मान घालून आला, खिशातून रुमाल काढला आणि वैशालीच्या डोळ्यांवर बांधायला लागला. वैशालीनं नाकाशी बोट घालून तो जरा वर सरकवला. पक्की लबाड.

खिडकीतल्या जयमालाला ते दिसलं. तिनं गजांना तोंड लावलं, आणि दुसऱ्या मजल्यापासून खाडीपर्यंत जाईल असा आवाज काढला.

"बंट्या! घट्ट बांध तिला! तिला दिसतंय!"